कार्डावरची सही

माझ्या वडिलांनी तीस वर्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली, पण आयुष्यात काय काम केले असे त्यांना कुणी विचारले, तर ते आधी येरवड्याच्या गोल्फ कोर्सचे नाव घेतात. साठच्या दशकात, बारा-तेरा वर्षांचे असताना, ते तिथे ‘आगेवाला’ म्हणून लागले. आगेवाला म्हणजे खेळणाऱ्यांच्या पुढे शे-दोनशे पावलांवर उभा राहून चेंडू कुठे पडला हे हात करून सांगणारा पोरगा. वर्षभरात त्यांच्या खांद्यावर बॅग आली आणि ते कॅडी झाले. आज ते पंचाहत्तरीच्या घरात आहेत, तरी चेंडू गवतात गेला की तो कसा बसला असेल हे टीव्हीवर दिसायच्या आधी सांगतात.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती माझ्याच डोळ्यांसमोर घडली असे मला वाटते. लष्करातला एक अधिकारी, शनिवारची दुपार, दुसऱ्या एका अधिकाऱ्याबरोबर लावलेली पैज. चेंडू उंच गवतात पडलेला. साहेबांनी क्लब चेंडूमागे टेकवला आणि चेंडू किंचित हलला. किंचित म्हणजे अर्धा इंचसुद्धा नाही. पण त्यावरचा कंपनीचा छाप आधी वर होता, तो बाजूला फिरला. जोडीदार चाळीस पावलांवर पाठमोरा उभा होता. पाहिले ते फक्त बाबांनी, आणि बॅग धरून उभ्या असलेल्या पोराचे बोलणे त्या काळी कुणी मोजत नसे. साहेबांनी क्लब खाली घेतला, हात वर केला आणि जोडीदाराला हाक मारली, ‘एक और लिखना.’ ती पैज ते एका फटक्याने हरले. संध्याकाळी बाबांना ठरल्यापेक्षा एक पैसाही जास्त मिळाला नाही, आणि हा तपशील सांगायला ते कधी विसरत नाहीत, कारण साहेबांनी ते त्यांच्यावर छाप पाडण्यासाठी केले नव्हते, हे त्यांना त्यातून सांगायचे असते.

गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच फिरत नाही. अठरा होल म्हणजे कित्येक किलोमीटरची चाल, झाडी, ओढे, वाळूचे खड्डे. तिथे काय झाले हे बहुतेक वेळा खेळणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून शेवटी फटक्यांचा हिशेब लिहिलेल्या कार्डावर त्याची सही घेतात, आणि ती सही म्हणजे त्याचा शब्द. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने, दुसऱ्या कुणालाही न दिसलेल्या अशाच एका हललेल्या चेंडूसाठी, स्वतःवर एक फटका लावून घेतला आणि पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायला खेळवतात त्या जादा खेळात, तो विजेतेपद हरला. लोक कौतुक करू लागले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून कुणी माणसाची पाठ थोपटते का, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेन्सोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. त्याचे कार्ड लिहिणाऱ्या जोडीदाराकडून चुकून चार लिहिले गेले, आणि दे व्हिसेन्सोने न वाचता सही केली. एका फटक्याच्या त्या चुकीने त्याचा प्लेऑफ हुकला. टीव्हीवर लाखो लोकांनी त्याचे तीन फटके पाहिले होते, तरी मान्य झाले ते सही केलेले कार्डच. ही गोष्टही बाबांना तोंडपाठ आहे.

गेल्या काही वर्षांत या खेळात जो पैसा आला त्याबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते या सहीपाशीच सुरू होते.

जून २०२२ मध्ये लंडनजवळच्या सेंचुरियन क्लबवर ‘लिव्ह गोल्फ’ या नव्या लीगची पहिली स्पर्धा झाली. एल, आय, व्ही ही रोमन लिपीतली ५४ ची खूण. चार दिवसांच्या ७२ होलऐवजी तीन दिवसांचे ५४ होल. खेळाडू फक्त ४८, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरुवात करणार, आणि दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवणारी ‘कट’ची पद्धत नाही. एकूण बक्षीस अडीच कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास १९५ कोटी रुपये. दक्षिण आफ्रिकेच्या चार्ल श्वार्ट्झेलने वैयक्तिक आणि सांघिक मिळून साडेसत्तेचाळीस लाख डॉलर नेले, आणि अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावरच्या खेळाडूलाही १ लाख २० हजार डॉलर मिळाले. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या जुन्या मालिकेत, कट चुकलेल्या खेळाडूला त्या आठवड्यात एक डॉलरही मिळत नसे. उलट विमान, हॉटेल, कॅडी यांचा खर्च त्याच्याच खिशातून जाई.

मी हे सगळे बाबांना सांगितले तेव्हा बक्षिसाचे आकडे त्यांनी नुसतेच ऐकून घेतले. त्यांनी विचारले ते एवढेच, ‘कॅडीचं काय?’ मी सांगितले की कॅडींच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्चही ही नवी लीग करते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘हे चांगलं केलं.’ मला त्या उत्तराने अडचणीत टाकले आणि अजूनही टाकते. अमेरिकेत २०१५ मध्ये शंभराहून अधिक कॅडी पीजीए टूरविरुद्ध न्यायालयात गेले होते. आमच्या अंगावर प्रायोजकांच्या नावाची बंडी चढवता आणि तिच्या कमाईतला वाटा आम्हाला देत नाही, ही त्यांची तक्रार होती. ते हरले. जुन्या व्यवस्थेत सारे गोमटे होते आणि वाळवंटातून आलेल्या पैशाने ते नासवले, असे मी कॅडीचा मुलगा म्हणून लिहू शकत नाही.

पण हा पैसा कुणाचा, हे विचारणे भाग आहे. तो सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा आहे. या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान, आणि कारभार पाहणारे यासिर अल-रुमय्यान, जे २०१९ पासून सौदी अरामको या तेल कंपनीचेही अध्यक्ष आहेत. तेलाचा पैसा निधीत येतो आणि निधीतून जगभर जातो. न्यूकॅसल युनायटेड हा इंग्लिश फुटबॉल क्लब २०२१ मध्ये त्यातूनच घेतला गेला. तो आपल्यापासूनही फार दूर नाही. जून २०२० मध्ये याच निधीने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ११,३६७ कोटी रुपये घातले, आणि पुढच्या वर्षी अल-रुमय्यान रिलायन्सच्या संचालक मंडळावर आले. त्याआधी २०१८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात निम्मी भागीदारी घ्यायला अरामको तयार झाली होती. माझ्या बायकोचे आजोळ त्याच पट्ट्यात आहे. तिथल्या लोकांनी जमिनी द्यायला नकार दिला आणि २०१९ मध्ये सरकारला भूसंपादनाची अधिसूचना मागे घ्यावी लागली. त्यांचा विरोध सौदी राजवटीला नव्हता. तो आंब्याच्या कलमांसाठी, मासेमारीसाठी आणि स्वतःच्या घरादारासाठी होता, आणि त्याला याहून वेगळा रंग देणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र या एवढ्या मोठ्या पैशाला ‘नको’ म्हणता येते, हे मी पहिल्यांदा पाहिले ते त्या वाड्यांमध्ये.

साध्या व्यापारी गुंतवणुकीपेक्षा हा पैसा वेगळा आहे तो आणखी एका कारणाने. व्यापाऱ्याला कधीतरी हिशेब जुळवावाच लागतो. लिव्हच्या ब्रिटनमध्ये नोंदलेल्या कंपनीच्या ताळेबंदात एकट्या २०२४ सालचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या घरात होता, आणि तरीही स्पर्धा चालू राहिल्या. ज्याला नफ्याची घाई नाही त्याच्याशी बोली लावणार कोण? पीजीए टूरने लावायचा प्रयत्न केला. निवडक स्पर्धांची बक्षिसे दोन कोटी डॉलरवर नेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडासंघांच्या मालकांच्या एका गटाकडून तीन अब्ज डॉलरपर्यंतची गुंतवणूक घ्यायचे ठरवले. म्हणजे सौदी पैसा ज्यांनी घेतला त्यांचेच नव्हे, ज्यांनी नाकारला त्यांचेही उत्पन्न त्याने वाढवले. हा बोजा उचलला कुणी, तर मधल्या फळीतल्या खेळाडूंनी. मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांमध्ये खेळाडूंची संख्या कमी ठेवली गेली, आणि पुढच्या हंगामाचे पूर्ण ‘कार्ड’, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, मिळणाऱ्यांची मर्यादा १२५ वरून १०० वर आली.

आता शब्दाबद्दल. लिव्ह सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्धचे मुद्दे लहान नव्हते. पत्रकार जमाल खशोगी यांची ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली होती. मार्च २०२२ मध्ये सौदी अरेबियात एकाच दिवशी ८१ जणांना मृत्युदंड दिला गेला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी नागरिक होते, आणि त्या हल्ल्यात माणसे गमावलेल्या कुटुंबांनी गोल्फपटूंना हा पैसा घेऊ नका म्हणून जाहीर विनवणी केली. अमेरिकी गोल्फपटू फिल मिकलसनने तर ही माणसे कशी आहेत, खशोगींना त्यांनीच मारले, हे आपल्याला ठाऊक आहे असे एका लेखकाशी बोलताना कबूल केले होते, आणि पीजीए टूरला नमवण्याची ही संधी असल्याचेही त्याच दमात सांगितले होते. पीजीए टूरचे आयुक्त जे मोनाहन यांनी लिव्हमध्ये गेलेल्या १७ खेळाडूंना निलंबित केले आणि टीव्हीवर विचारले की पीजीए टूरचे सभासद असल्याबद्दल कुणाला कधी माफी मागावी लागली आहे का. तो प्रश्न मला पटला होता. मी तो बाबांना मराठीत समजावून सांगितला होता, आणि त्यांनीही मान हलवली होती.

बरोबर वर्षभराने, ६ जून २०२३ रोजी, तेच मोनाहन अल-रुमय्यान यांच्या शेजारी बसून टीव्हीवर दिसले. पीजीए टूर, युरोपची टूर आणि सौदी निधी यांचे व्यापारी हक्क एकत्र आणण्याचा करार झाल्याचे दोघांनी जाहीर केले. करार पाच पानांचा होता आणि आठवडाभर आधीच, ३० मे रोजी, त्यावर सह्या झाल्या होत्या. ज्यांच्या नावाने टूर चालते त्या खेळाडूंपैकी कितीतरी जणांना ही बातमी इतरांसारखीच मोबाइलवर कळली. वर्षभर टूरची बाजू लढवलेल्या रोरी मॅकिलरॉयने आपला बळीचा बकरा झाल्यासारखे वाटते असे सांगितले. लोक मला ढोंगी म्हणतील याची कल्पना आहे, असे मोनाहन स्वतःच म्हणाले. पुढे अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर कागदपत्रे आली तेव्हा त्या पाच पानांतले एक कलम लोकांच्या नजरेत भरले: दोन्ही पक्षांनी एकमेकांची निंदा करायची नाही.

मी त्या कलमापाशी बराच वेळ थांबलो. खेळाडू विकत घेता येतात, मैदाने घेता येतात, हे आपण जाणतो. त्या कलमाने मागितली होती ती गप्प राहण्याची हमी. ज्यांनी काल मृतांच्या कुटुंबांचे दुःख पुढे केले होते, त्यांनी आज त्याविषयी बोलायचे नाही असे कागदावर लिहून दिले. आणि हे ज्या खेळात घडले, तिथे कुणी पाहिले नसले तरी ‘चेंडू हलला’ हे आपणहून बोलावे लागते. राजवटीने गोल्फवर एवढा खर्च का केला याचे उत्तर मला इतर कुठल्याही विश्लेषणापेक्षा या एका ओळीत मिळते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युवराजांनी अमेरिकी वाहिनीला सांगितले होते की खेळातून प्रतिमा धुतल्याने देशाचे उत्पन्न एक टक्का वाढणार असेल तर आपण ते करतच राहू. त्यांनी तरी जे आहे ते बोलून दाखवले.

बोट दाखवताना युरोपकडेही पाहायला हवे. लिव्हमध्ये गेलेल्या खेळाडूंना दंड करणाऱ्या, आणि लवादाकडूनही तो बरोबर ठरवून घेतलेल्या युरोपच्या टूरने २०१९ ते २०२१ अशी तीन वर्षे सौदी इंटरनॅशनल ही स्पर्धा स्वतःच सौदी भूमीवर भरवली होती. आज ती टूर डीपी वर्ल्ड या दुबईच्या सरकारी कंपनीच्या नावाने ओळखली जाते, आणि उरणच्या न्हावा शेवा बंदरातले कंटेनर टर्मिनल चालवणारीही हीच कंपनी आहे. माझ्याकडेही पाहायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलचा लिलाव जेद्दाहला झाला, तेव्हा मी दोन दिवस टीव्हीसमोर बसून कोण कितीला गेला ते पाहिले. तो तिथे का होतो आहे, हा प्रश्न मनात आला तो तिसऱ्या दिवशी. गोल्फपटूंकडून ज्या सावधपणाची मी अपेक्षा करतो तो माझ्यात त्या दोन दिवसांत नव्हता, आणि त्याची मला लाज वाटते.

आपल्या लोकांपुरते बोलायचे तर अनिर्बन लाहिरीचा विचार करावा लागतो. तो जन्माने पुण्याचा, लष्करातल्या डॉक्टरांचा मुलगा, वडिलांकडून खेळ शिकलेला. मार्च २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो कॅमेरॉन स्मिथच्या एका फटक्याने मागे, दुसरा आला. भारतीय गोल्फपटूने तिथवर जाणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि आमच्या घरी त्या रात्री कुणी झोपले नाही. पाच महिन्यांनी तो आणि स्मिथ दोघेही लिव्हमध्ये गेले. बॉस्टनच्या पहिल्याच स्पर्धेत लाहिरी प्लेऑफपर्यंत पोचला, जो डस्टिन जॉन्सनने एका लांबलचक ‘पट’ने, म्हणजे चेंडू घरंगळत होलात घालण्याच्या फटक्याने, जिंकला. पैशाच्या दृष्टीने त्याचा निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही. परंतु जागतिक क्रमवारीच्या मंडळाने लिव्हच्या स्पर्धांना गुण देण्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले, आणि ऑलिंपिकची निवड त्याच क्रमवारीवर होते. रिओ आणि टोकियो खेळलेला लाहिरी पॅरिसला नव्हता.

मी त्याला दोष देत नाही. आपल्याकडच्या पीजीटीआय या व्यावसायिक मालिकेच्या स्पर्धांमध्ये साधारण एक कोटीचे बक्षीस सगळ्यांत वाटले जाते आणि विजेत्याच्या हाती पंधरा लाखांच्या आसपास पडतात. तळाच्या निम्म्या खेळाडूंना प्रवासखर्च सुटला तरी पुष्कळ. लिव्हने आशियाई टूरला दहा वर्षांत ३० कोटी डॉलर द्यायचे कबूल केले, त्यातून इंटरनॅशनल सिरीज उभी राहिली, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिची वीस लाख डॉलरची स्पर्धा गुरुग्रामला झाली. तिथे ब्रायसन डीशॅम्बो भारतीय मुलांबरोबर खेळला. त्या मुलांनी तो पैसा घेऊ नये असे पुण्यात निवृत्तिवेतनावर बसून मी त्यांना सांगू शकत नाही. मला एवढेच हवे आहे की पैसा घेताना, तो कुठून येतो हे मोठ्याने बोलण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवावा, आणि तो हक्क गहाण टाकणारे कलम करारात आले तर ते ओळखावे.

त्या पाच पानांचा पक्का करार काही झाला नाही. २०२३ ची मुदत उलटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली, तिच्यातूनही काही निघाले नाही. २०२५ च्या अखेरीस लिव्हने पुढच्या हंगामापासून ७२ होल खेळवण्याचे जाहीर केले, म्हणजे नाव ५४ चे राहिले आणि खेळ जुन्याच मापाचा झाला. ब्रूक्स कोएप्का लिव्ह सोडून पीजीए टूरवर परत आला. एवढ्या वर्षांत सगळे मोठे खेळाडू एकत्र दिसले ते वर्षातून चारदा, चार मोठ्या स्पर्धांमध्ये.

त्यातलीच एक, एप्रिल २०२५ ची मास्टर्स, मी आणि बाबांनी रात्रभर जागून पाहिली. पहाटेचे साडेचार वाजत आले होते. मॅकिलरॉयने अठराव्या होलवर छोटा पट चुकवला, आणि जस्टिन रोझबरोबर प्लेऑफ ठरला. तो मान खाली घालून ग्रीनवरून निघाला, कार्डावर सही करायला आत जात होता. बाबा खुर्चीत पुढे सरकले, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइलच्या पडद्याशी तोंड नेऊन म्हणाले, ‘अरे, घाई करू नकोस. आधी सतरावं होल वाच, मग सही कर.’